जुबेर माहेरवाला

अकोल्यात जुबेरला काही लोक अजूनही ‘माहेरवाला’ म्हणतात. मुंबईत त्याने अकरा मालिकांना पार्श्वसंगीत दिलं, एका चित्रपटाला संगीत दिलं, त्या चित्रपटाचं बक्षीस घेताना तो टीव्हीवर दिसला. पण ताजनापेठेत रिक्षातून उतरला की कोपऱ्यावरचा पानवाला हाक मारतो, “काय माहेरवाले, कधी आले?” जुबेर मान खाली घालून घराकडे वळतो. त्या नावाचा त्याला राग का येतो हे मला माहीत आहे, कारण ज्या गाण्यामुळे ते पडलं ते माझ्या खोलीत रेकॉर्ड झालं होतं.

मी श्याम. टिळक रोडवर माझं कॅसेटचं दुकान होतं. दुकानावरच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून मी स्टुडिओ केला होता. भजनी मंडळांच्या कॅसेटी, निवडणुकीची गाणी, लग्नाच्या व्हिडिओमागचं संगीत, असली कामं तिथे चालायची.

जुबेरचे वडील अब्दुल गफ्फार पेट्या दुरुस्त करायचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. दर्यापूर, मूर्तिजापूर, आकोट, सगळीकडच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या दुकानात यायच्या. कोणाचा भाता फाटलेला, कोणाच्या पट्ट्या अडकलेल्या, बहुतेकांचे सूर उतरलेले. चाचा एकेक पितळी सूर बाहेर काढून कानशीने जरासा घासत, परत बसवत आणि डोळे मिटून वाजवून पाहत. जुबेर सात-आठ वर्षांचा असताना त्याला भिंतीकडे तोंड करून बसवत आणि विचारत, “बोल, कौन सी उतरी है?” तो वळून न बघता सांगायचा. चुकला असं मी एकदाही पाहिलं नाही.

बारावीनंतर तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागला, आणि सत्त्याण्णव साली मुंबईला गेला. मालिकांना संगीत देणाऱ्या एका मोठ्या माणसाच्या हाताखाली तीन वर्षं होता. त्या मालिकांचं निम्मं संगीत जुबेर करायचा. एका मालिकेचं शीर्षकगीत तर पूर्ण त्याचं. ते गाजलं तेव्हा त्याने भीतभीत विचारलं, “सर, कहीं मेरा नाम आ सकता है क्या?” सर चहा पीत होते. म्हणाले, “अकोला से है ना तू? पाँच साल और रुक.” दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा मुलगा बसलेला होता.

परत आल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडेच आला. खुर्चीवर बसून बराच वेळ माझी यंत्रं बघत राहिला. मग म्हणाला, “तिथं चाल कोणाची, हे कोणी पाहात नाही, श्याम. खोली कोणाची, ते पाहातात.”

“मग इथं खोली आहे ना,” मी म्हणालो. त्या दिवसापासून तो माझ्याकडे काम करू लागला.

२००४ च्या मार्चमध्ये बियाण्याच्या एका बाहेरच्या कंपनीचा माणूस आला. सोयाबीनचं नवं वाण बाजारात आणायचं होतं. नाव होतं ‘माहेर’. जाहिरातीचं गाणं त्याने हिंदीतून लिहून आणलं होतं. जुबेरने कागद वाचला आणि पालथा ठेवला.

“असं इकडं कोणी बोलत नाही,” तो म्हणाला. “मले उद्या सकाळपर्यंत वेळ द्या.”

सकाळी त्याने दोन ओळी वाचून दाखवल्या.

बाबा, औंदा ‘माहेर’ पेरा, लेक येईन दिवाळीले,
पोत्यावर पोतं लागलं दाखवा तिच्या सासरले.

चाल साधी, पाच सुरांची. ‘बाबा’ला किंचित वर चढायची आणि ‘दिवाळीले’वर येऊन हलकेच बसायची. एकदा कानात शिरली की निघायची नाही. कंपनीचा माणूस जिना उतरता उतरता ती गुणगुणत होता.

गायला मुलगी हवी होती. अमरावतीला विद्यापीठाच्या युवक महोत्सवात सुगम गायनात पहिली आलेली पौर्णिमा नावाची मुलगी मला ठाऊक होती. दर्यापूरजवळच्या खेड्यातली, दर्यापूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. निरोप पाठवला तर तिचे वडील पुंजाराम तिला घेऊन एसटीने आले. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत आमच्यासाठी तुरीची डाळ. पुंजाराम गावच्या भजनी मंडळात गायचा. त्यांची पेटीही चाचांकडेच दुरुस्तीला यायची, त्यामुळे जुबेरला बघून त्याला आपल्याच माणसाच्या घरी आल्यासारखं झालं.

पौर्णिमा चांगली गात होती, पण स्पर्धेत गावं तशी. प्रत्येक जागा घोटून घेतलेली. सहा-सात वेळा घेऊनही जुबेरचं समाधान होईना. शेवटी त्याने पुंजारामला काचेपलीकडे तिच्या समोर खुर्ची टाकून बसवलं आणि तिला म्हणाला, “गाऊ नको. हे तुये बाबा बसले आहेत. त्याईले सांग फक्त.”

तिने बापाकडे पाहिलं. तो अवघडून, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. तिला हसू आलं, आणि ते हसू आवाजात घेऊनच ती म्हणाली, “बाबा, औंदा माहेर पेरा…” जुबेरने ती एकच ओळ घेतली आणि आधीच्या सगळ्या खोडून टाकल्या. संगीत बसवून होईपर्यंत ती माइकसमोर उभी होती. कंटाळून तीच चाल शब्दांशिवाय, अगदी संथ, स्वतःशीच गुणगुणत होती. यंत्र चालू होतं. तेही रेकॉर्ड झालं आणि माझ्या कपाटात पडून राहिलं.

ती जाहिरात अशी काही लागली की विचारू नका. केबलवर दर पंधरा मिनिटांनी, रेडिओवर, आठवडी बाजारात गाड्यांवर कर्णे लावून. पोट्टे खेळताना ती म्हणायचे. नव्या नवऱ्या सासरी जाताना बँडवाले ती वाजवायचे. मे महिन्यात कंपनीने दर्यापूरला मेळावा घेतला आणि पुंजारामला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. तो माइकसमोर उभा राहिला. एवढंच म्हणाला, “माया पोरीनं सांगतलं, म्हणून मी पेरून राहिलो. तुमीबी पेरा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पेरलंही.

‘माहेर’ उगवलं नाही. पाऊस बरा होता, जमीन काळी, पेरणी वेळेवर. पण दहा दाण्यांतले तीन वर आले, कुठे दोन. पुंजारामच्या नऊ एकरांत मोकळ्या काळ्या रेघाच रेघा दिसत होत्या. तो भाग खारपाणपट्ट्याचा, विहिरीचं पाणी शेताला चालत नाही. एक पेर गेली की हरभऱ्यापर्यंत हातावर हात धरून बसायचं. पंचनामे झाले. कंपनीने पत्र पाठवलं की शेतकऱ्यांनी बियाणं फार खोल पेरलं.

गावाने कंपनी पाहिली नव्हती. गावाने पौर्णिमा पाहिली होती. तिची आई मनकर्णा पाण्याला गेली की बाया बोलणं थांबवायच्या. देवळात भजनाला बसल्यावर एकाने सगळ्यांसमोर म्हटलं, “पुंजाराम, तुया पोरीले विचार, ‘दिवाळीले’ आता कोणाच्या घरी येते?” पुंजारामने टाळ खाली ठेवले आणि तो भजनाला जायचा बंद झाला. पौर्णिमा कॉलेजला निघाली की एसटीच्या मागच्या बाकांवरची पोरं तेच गाणं सुरात म्हणायची. ऑगस्टमध्ये तिने कॉलेज सोडलं.

सप्टेंबरमध्ये ती एकटी अकोल्याला आली. जुबेर आणि मी दोघंही खोलीत होतो. ती बसली नाही.

“जुबेरभाऊ, मले एक गाणं म्हणाचं आहे,” ती म्हणाली. “त्याच चालीत. ‘बाबा, माहेर नका पेरू.’ मी शब्द केले आहेत. पैसे नका देऊ मले. तुमी फक्त केबलवर लावा.”

जुबेर माझ्याकडे बघेना. कंपनीने पुढच्या वर्षासाठी त्याला तीन नव्या जाहिराती देऊ केल्या होत्या. शिवाय त्यांच्या मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी त्याला भेटायला बोलावलं होतं. चार वर्षांनी ते दार पुन्हा उघडत होतं.

“असं नाही करता येत, पौर्णिमा,” तो म्हणाला. “चाल कंपनीची झाली आता. केस करतीन आपल्यावर.”

“चाल तुमची आहे.”

“सही दिली आहे मी.”

ती माझ्याकडे वळली. “श्यामभाऊ, तुमी?”

मी म्हणालो, “तो संगीतकार आहे. तो म्हणते तसं.” यंत्रं माझी होती, खोली माझी होती, केबलवाला माझा दोस्त होता. पाच मिनिटांचं काम होतं ते. मी केलं नाही.

ती दाराशी जाऊन वळली. “आवाज माया आहे,” म्हणाली, “लोकं मले धरून राहिले. तुमाले कोण धरते?” आणि जिना उतरून गेली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वऱ्हाडाचं नाव देशभरच्या टीव्हीवर रोज येऊ लागलं. दिल्ली-मुंबईहून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. जुबेरचं मुंबईला जाणंयेणं सुरू झालं होतं. एका बातम्यांच्या वाहिनीने आमच्या भागावर आठ भागांची मालिका केली आणि संगीतासाठी जुबेरला विचारलं, कारण तो ‘तिकडचा’ होता. शुक्रवारी फोन आला, सोमवारी संगीत हवं. जुबेर अकोल्याला आला, दोन दिवस पेटी घेऊन बसला, काही सुचेना. रविवारी दुपारी त्याने माझं कपाट उघडलं आणि पौर्णिमाची ती गुणगुण बाहेर काढली.

“हे तिले विचारून घ्या लागन,” मी म्हणालो.

“आता गावाले जाऊन येऊ का मी? उद्या पाठवाचं आहे.”

त्याने ती गुणगुण अजून संथ केली, खाली पेटीचा एक लांब सूर धरला, बाकी काहीही घातलं नाही. खरं सांगतो, त्याने आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. ऐकताना छातीवर कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं. ही बियाण्याच्या जाहिरातीचीच चाल आहे हे मुंबईत कोणाला कळलं नाही. कळणार तरी कसं? तिथे ती जाहिरात कोणी ऐकली होती?

वाहिनीला ते इतकं आवडलं की मालिका संपल्यावरही त्यांनी ते ठेवून घेतलं. वऱ्हाडातल्या कुठल्याही मरणाची बातमी आली, की पडद्यावर उघडं शेत, एक खाट, भिंतीवरचा हार घातलेला फोटो, आणि मागे पौर्णिमाची गुणगुण. तीन वर्षं हे चाललं. त्या संगीताच्या जोरावर जुबेरला पहिली मालिका मिळाली, मग दुसरी, मग रांगच लागली. सासू वळली की ढोल, सून रडली की बासरी. त्याने मीरा रोडला घर घेतलं, बायकोला, जेबाला, तिकडे नेलं. त्याचं नाव पडद्यावर येऊ लागलं. बारीक अक्षरात आणि भराभर पळणारं, पण त्याचं स्वतःचं.

पौर्णिमाने ते गावातच ऐकलं. शेजारच्या गावातल्या एका मरणाची बातमी लागली होती, म्हणून तिच्या घरी चार माणसं टीव्हीसमोर बसली होती. तिने स्वतःचा आवाज ओळखला. पुंजारामनेही ओळखला. दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला आली, पण माझ्या खोलीकडे फिरकली नाही. सरळ चाचांच्या दुकानात गेली.

चाचांनी टीव्हीवर ते कित्येकदा ऐकलं होतं, मुलाचं काम म्हणून लोकांना सांगितलंही होतं. त्या दिवशी तिने त्यांच्यासमोर उभं राहून आधी जाहिरात म्हटली, मग तीच चाल संथ म्हटली. चाचांच्या हातातली कानस खाली पडली, असं जुबेरच्या आईने, नसीमबानोचाचींनी, मला नंतर सांगितलं. ज्या माणसाला अर्धा उतरलेला सूर कळायचा, त्याला पोटच्या पोराची लबाडी कळली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी माझ्या दुकानातून जुबेरला फोन लावला. मी तिथेच होतो.

“नाम ले उस बच्ची का,” चाचा म्हणाले. “टीव्ही पे बोल, के आवाज उसकी है.”

पलीकडून जुबेर बराच वेळ बोलत होता. बातम्यांत नावं देत नाहीत, करार झालाय, असं काहीबाही.

“तो फिर मत बजाने दे.”

पुन्हा बराच वेळ पलीकडचं बोलणं. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जुबेर, मैंने तुझे कान दिये थे,” आणि फोन ठेवला. त्यानंतर पाच-सहा वर्षं बापलेक ईदेपुरतं बोलले.

पुढच्या आठवड्यात चाचा एसटीने पुंजारामच्या गावी गेले. अडुसष्ट वर्षांचं वय, गुडघे गेलेले, दर्यापूरहून पुढे जीपच्या मागे बसून. पुंजारामच्या ओसरीवर जाऊन त्यांनी टोपी काढली आणि पोरासाठी माफी मागितली. पुंजाराम घाबरून गेला. “तुमी काहून, चाचा? तुमी काय केलं?” म्हणून त्यांचे हात धरले. मनकर्णाने भाकरी टाकल्या, चाचा जेवले. पुंजारामचा धाकटा भाऊ वेगळी चूल मांडून होता, तोही येऊन बसला. तेव्हापासून दोन घरांचं येणंजाणं झालं. पौर्णिमा अकोल्याला आली की चाचींकडे उतरायची. ती आता गावात अंगणवाडी चालवत होती. गात मात्र नव्हती. अंगणवाडीतल्या पोरांना कवितासुद्धा बोलून शिकवायची.

२०१० साली जुबेरला चित्रपट मिळाला. विषय आमच्याच भागातला, माणसं सगळी मुंबईची. दिग्दर्शकाला बातम्यांतली ती गुणगुण पाठ होती, आणि तोच आवाज त्याला मुख्य गाण्यासाठी हवा होता. जुबेर त्याला घेऊन पुंजारामच्या गावी निघाला. मलाही बरोबर घेतलं. एकट्याने त्या ओसरीवर चढायची त्याची हिंमत नव्हती.

पुंजारामने बसायला सांगितलं. मनकर्णाने चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. जुबेरने चार वाक्यांत सगळं सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, “ताई, तुमचा आवाज जगभर जाईल.”

“गेलाच आहे तो,” पौर्णिमा म्हणाली. मग जुबेरकडे वळली. “मी गाईन. पण पिच्चर सुरू व्हायच्या आधी लिहाचं, की टीव्हीवर जो आवाज तीन वर्षं वाजला, तो हिचा आहे. नाव, गाव, सगळं. तेवढंच पाहिजे मले. गावानं वाचलं पाहिजे.”

“लिहू,” दिग्दर्शक म्हणाला.

“तुमी सांगा, जुबेरभाऊ.”

“लिहीन,” जुबेर म्हणाला. “अब्बूची शपथ.”

ती माझ्याच खोलीत गायली. सहा वर्षं गळा बंद होता, पहिला तासभर आवाज लागेना. ती पाणी पीत होती, परत सुरू करत होती. मग लागला. वीस वर्षांच्या मुलीचा तो हसरा आवाज नव्हता. खालच्या सुरांत खरखर आली होती आणि शब्द ती जपून, चाचपून टाकत होती. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. जुबेर काचेला कपाळ टेकून उभा होता. जाताना पौर्णिमाने मला विचारलं, “बरं झालं ना?” सहा वर्षांत तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

चित्रपट अकोल्यात लागला तेव्हा पौर्णिमा पुंजारामला घेऊन आली. गावचे आणखी सात-आठ जण होते, भजनात टोमणा मारणाराही त्यांत होता. तिनेच सगळ्यांना बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसलो. सुरुवातीच्या पाट्या आल्या. निर्माते, आभार मानलेल्यांची लांबलचक यादी, संगीत जुबेर अब्दुल गफ्फार. बाकी काही नाही. गाववाले तिच्याकडे बघू लागले. ती म्हणाली, “शेवटी असन.”

मग ते गाणं आलं. आवाज दुसऱ्याच बाईचा होता, मुंबईतल्या मोठ्या गायिकेचा. पण पौर्णिमाने जिथे श्वास घेतला होता तिथेच तिने घेतला, जिथे शब्द चाचपला होता तिथेच चाचपला, खरखरसुद्धा तशीच काढली होती.

पुंजाराम वाकून म्हणाला, “हे तू नाही.”

“नाही, बाबा.”

“मंग चाल.”

दोघं उठले. अंधारात पुंजारामचा हात धरून ती माझ्या रांगेजवळून गेली. मी दिसलो असणार तिला. थांबली नाही. गाववाले मात्र पूर्ण चित्रपट बघून बाहेर आले, आणि चांगला आहे म्हणाले.

मी जुबेरला फोन केला. शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या. निर्मात्याला मोठं नाव हवं होतं, म्हणाला. गाणं पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा त्याने दोन दिवस भांडण केलं. तिसऱ्या दिवशी त्याला सांगण्यात आलं की संगीतकारही बदलता येतो. “मग त्या गायिकेले मीच तयार केलं,” तो म्हणाला. “पौर्णिमाचं रेकॉर्डिंग लावून एकेक जागा शिकवली. दुसऱ्या कोणी केलं असतं तर वाईट केलं असतं, श्याम.”

“आणि पाटी?”

“पाटी काढली. आवाजच नाही तर पाटी कशाची, म्हणाले.”

त्या गाण्याला वर्षभरात दोन बक्षिसं मिळाली. एक गायिकेला, एक जुबेरला. टीव्हीवर बक्षीस घेताना त्याने वऱ्हाडाच्या मातीचे आभार मानले. चाचांनी ते पाहिलं नाही. त्यांच्या घरी तेव्हा टीव्ही उरला नव्हता, त्यांनी तो पुतण्याला देऊन टाकला होता. दुसरा चित्रपट जुबेरला मिळाला नाही. मालिका मिळत राहिल्या.

पौर्णिमाचं पुढच्या वर्षी लग्न झालं. धामणगाव रेल्वेला दिली, नवरा धान्याच्या अडतीवर कामाला. सासरी तिने गाण्याचं सांगितलंच नाही.

२०१३ च्या हिवाळ्यात चाचा गेले. जुबेर पोचला तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. बापाचं तोंड पाहायला मिळालं, तेवढंच. तिसऱ्या दिवशी धामणगावहून पौर्णिमा आली, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. दिवसभर चाचींजवळ बसून होती. दुपारी ती अंगणात मुलाचं तोंड धूत होती, तेव्हा जुबेर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी दारात होतो.

“पौर्णिमा,” तो म्हणाला, “मी तुया घरी येणार होतो.”

तिने मुलाचं तोंड पदराने पुसलं. “कायले?”

“माफी मागाले.”

“चाचा येऊन गेले न. त्याईनं मागतली.”

“मी माही मागून राहिलो.”

“तुमी नका मागू,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मले मंग हो नाहीतर नाही म्हणा लागन. मले तुमच्यासाठी आता कोणतीच गोष्ट कराची नाही.” मुलाला उचलून ती आत चाचींकडे गेली.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिहापर्यंत राहणार होता तो. पाचव्या दिवशीच निघाला. मालिकेचे भाग अडले होते. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. माझी खोली तेव्हा बंद होऊन दोन वर्षं झाली होती, खाली दुकानात मी मोबाइलची कव्हरं विकत होतो. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो.

“तेव्हा ती आली होती न, ‘नका पेरू’ गाण्यासाठी,” जुबेर अचानक म्हणाला. “मी नाही म्हटलं. पण तू करून द्याचं होतं, श्याम. यंत्र तुयं होतं.”

मला राग यायला हवा होता. तोंडात उत्तरही आलं होतं. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

“हो,” मी म्हणालो.

गाडी आली. त्याने बॅग उचलली, आणि आम्ही हात न मिळवता वेगळे झालो.